श्रावणातले धुणे आणि ओल पिणारी पेटी

वऱ्हाडच्या माणसाला ऊन शिकवू नये, आणि ओल शिकविल्यावाचून राहू नये, असे माझे आता मत झाले आहे. उन्हाशी आमचा पिढ्यान्पिढ्यांचा घरोबा. अकोल्याचा पारा ४७ अंशांपुढे गेल्याचे आम्ही पाहिले आहे. २०२४ सालच्या मे महिन्यात तर उष्णतेपायी तिथे जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलमाचा आदेश काढावा लागला. वाळ्याच्या ताट्या, माठ, कांदा आणि कूलर यांतले आम्हांला सारे कळते. चैत्रापासून मृगापर्यंत आमची सगळी धडपड हवेत पाणी घालण्याची. मग एके दिवशी पाऊस येतो, आठवडाभर सूर्य दिसत नाही, आणि ज्या हवेला आम्ही बादल्या-बादल्या पाणी पाजले तीच हवा आता घरातल्या कशाला वाळू देत नाही. अशा वेळी आम्ही अगदी गोंधळून जातो. कोकणातल्या बाईला पावसाळ्याची जी तयारी जन्मतः ठाऊक असते, ती आमच्याकडे नाही; कारण आमचे पावसाळे कसे, तर चार दिवस धार आणि आठ दिवस उघाड. उघाडीत सारे वाळून निघते. ओल अशी ठाण मांडून बसते ती केव्हातरी, आणि नेमकी आपल्या अडचणीच्या वेळी.

आमच्याकडे ती गेल्या वर्षी श्रावणात बसली. धाकटी लेक बाळंतपणाला अमरावतीला माहेरी आलेली. बाळ पंधरा दिवसांचे. दिवसाला वीस-पंचवीस दुपटी, तेवढेच लंगोट, शिवाय बाळंतिणीचे कपडे. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी म्हणजे चार हातांची; तिच्यावर पावसाचा सपकारा. गच्चीवर पत्रे नाहीत. तेव्हा घरात जिथे जिथे खिळा होता तिथे दोरी, आणि जिथे दोरी तिथे दुपटी. पंखे रात्रंदिवस फिरत होते, आणि दुपटी हाताला थंडगार लागत होती. तिसऱ्या दिवशी कपड्यांना तो कुबट वास सुरू झाला, जो एकदा बसला की इस्त्रीनेही जात नाही. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. माहेरपणाला आलेल्या बाळंतिणीच्या खोलीत बुरशी! विहीणबाई बारशाला यावयाच्या होत्या. माझी झोप उडाली.

आमच्या आत्याबाई (म्हणजे माझ्या आतेसासूबाई, वय वर्षे त्र्याऐंशी, जन्म आणि जडणघडण दर्यापूर तालुक्यातली) यांना मात्र यात कोडे असे काही वाटले नाही. त्यांनी माळ्यावरची जुनी शेगडी काढावयास सांगितली. शेगडीत कोळसे फुलवायचे, वर बांबूचे डालगे पालथे घालायचे, त्या डालग्यावर दुपटी पसरायची, आणि निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपांची चिमूट टाकायची. दुपटी वाळतात, वासही जातो. ज्यांचे बालपण वाड्यात गेले त्यांना हे दृश्य आठवेल. "माहे पाच लेकरं याच्यावरच वाढले," आत्याबाई म्हणाल्या. आणि ते खोटे नव्हते.

परंतु आत्याबाईंची पाच लेकरे वाढली ते घर वेगळे होते. मातीच्या भिंती, वर धाबे, धाब्याला धूर जायला गवाक्ष, दारांच्या फटींतून मांजर जाईल एवढी वाट. आमच्या फ्लॅटला सरकत्या काचांच्या खिडक्या. लावल्या की वाऱ्याची शीळसुद्धा आत येत नाही. अशा बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येऊ देत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून शेगडीशेजारी दार लावून निजलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या यापायीच. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, हा समज अगदी उलटा आहे. मी शेगडी उचलून गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवली. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता या अबोल्यात भर म्हणून आमच्या घरी एक पेटी आली. जावयांनी पुण्याहून फोनवरच मागविली. ओल शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर. आटोपशीर, पांढरी शुभ्र, शेंगदाण्याच्या डब्याएवढी. आवाज नाही, विजेला भारी नाही. रात्रभर लावून ठेवली. सकाळी सगळे घर तिच्याभोवती गोळा झाले. टाकीत वाटीभर पाणी! दुपटी होती तशीच. आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या : "एवढं पानी तं मी दुपटं पिळून काढून देते."

दोष यंत्राचा नव्हता. आमच्या अपेक्षेचा होता. असल्या चिमुकल्या पेट्यांत गारवा निर्माण होतो तो पेल्टिए या फ्रेंच गृहस्थाने १८३४ साली शोधलेल्या एका युक्तीने : दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू थंड होते, दुसरी गरम. युक्ती सुरेख, पण अशी पेटी चोवीस तासांत फार तर अर्धा-पाऊण लिटर पाणी काढते. कपड्यांचे कपाट, पुस्तकांची बंद अलमारी, कॅमेऱ्याचे खोके, यांस ती पुरेशी. धुण्यास नव्हे. ही पेटी आम्ही शालूंच्या कपाटात ठेवली, आणि तिथे तिने आपले नाव राखले. डांबराच्या गोळ्या व कापूर कपाटात घालतात त्याने कसर पळते, ओल जात नाही, हेही त्या निमित्ताने लक्षात आले.

दुसरे यंत्र आले ते गुडघ्याएवढ्या उंचीचे, चाके लावलेले, वजनाला बारा-तेरा किलो. यात फ्रिजमध्ये असतो तसा कॉम्प्रेसर असतो. कारभार समजण्यास अगदी सोपा. फ्रिजमधले पाणी तांब्यात ओतले की बाहेरून तांब्याला घाम फुटतो ना? तो घाम तांब्यातला नव्हे, खोलीच्या हवेतला. थंड हवेला गरम हवेइतके पाणी अंगावर बाळगता येत नाही. तांब्याला लागून ती गार झाली की जास्तीचे पाणी तिथेच सोडते. यंत्रात पंखा खोलीची हवा ओढून घेतो, थंड नळ्यांवरून फिरवितो, पाणी ठिबकत टाकीत जमते, आणि कोरडी झालेली हवा पुढच्या गरम नळ्यांवरून जाऊन किंचित उबदार होऊन बाहेर पडते. एअर कंडिशनरही हेच करतो. फक्त त्याच्या गरम नळ्या घराबाहेर असतात. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी त्याचे 'ड्राय' असे लिहिलेले बटण पावसाळ्यात एकदा वापरून पाहावे. आणि गंमत अशी की, एअर कंडिशनरचा जन्मच मुळी ओल काढण्यासाठी झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आक्रसे आणि रंगांवर रंग नेमके बसत नसत. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियराने हवेतले पाणी ताब्यात ठेवणारी योजना आखली. माणसांना गार वाटणे हा पुढचा लाभ. दिवाळी अंकाचे रंगीत मुखपृष्ठ हाती घेणाऱ्यांनी त्याचे थोडे उपकार मानावयास हरकत नाही.

तर मोठे यंत्र आले. मधल्या खोलीत सगळी दुपटी दोरीवर, यंत्र मध्ये, सुरू. पहाटे टाकी गच्च भरून यंत्र आपणहून थांबलेले. चार लिटर पाणी! मी हर्षाने दुपट्याला हात लावला. दमट! असे कसे झाले? तेवढ्यात माझी नजर खिडकीकडे गेली. खिडकी सताड उघडी. रात्री आत्याबाईंनी उठून उघडली होती. "हवा खेळाले पाह्यजे न वो!" त्यांचे म्हणणे.

वाचकहो, इथेच सगळे मर्म आहे, आणि वऱ्हाडच्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. कूलरने आम्हांला खिडकी उघडी ठेवावयास शिकविले. कूलर बाहेरची हवा आत घेतो आणि आतली दमट हवा खिडकीवाटे घालवितो. खिडकी लावली की तो कुचकामी. या यंत्राचा धर्म अगदी उलट. आमच्या घरच्यांनी, म्हणजे 'ह्यांनी', कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तो मी इथे देते, कारण त्याने माझे डोळे उघडले. आमची मधली खोली बारा फूट बाय दहा फूट, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २७ अंश उष्णतेला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास पाणी बाळगते. नव्वद टक्के दमट हवा धरली तरी अख्ख्या खोलीतल्या हवेत पाणी किती? पाऊण लिटरहून थोडे अधिक. ती नव्वदावरून पंचावन्न टक्क्यांवर आणावयाची तर काढावयाचे पाणी दीड पेला, बस्स. मग ते चार लिटर आले कुठून? थोडे दुपट्यांतले, बाकीचे खिडकीबाहेरचे. आमचे यंत्र रात्रभर अमरावती शहराचा पावसाळा वाळवीत बसले होते.

दुसऱ्या रात्री खिडकी बंद, दार बंद, दाराच्या फटीला जुने धोतर. धुणे आधी वजनकाट्यावर तोलले : ओले पाच किलो तीनशे. कोरडे असताना हेच धुणे तीन किलो दोनशे भरले होते. म्हणजे पिळून काढल्यावरही कपड्यांनी दोन लिटरांवर पाणी धरले होते. यंत्राच्या जोडीला छताचा पंखा मंद सोडला, कारण यंत्र हवा कोरडी करते खरे, पण ती कोरडी हवा दुपट्यांच्या घड्यांत शिरवावयास वारा लागतोच. दुपट्यांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवले. सकाळी सहाला दार उघडले तेव्हा खोलीतून ऊनऊन, स्वच्छ हवा बाहेर आली, आणि दुपटी अशी वाळली होती की आत्याबाईंनी एक उचलून गालाला लावले, नाकाला लावले आणि काही न बोलता घडी घालावयास बसल्या. टाकीत दोन लिटरांच्या आतबाहेर पाणी. वीज दोन युनिटांच्या आत.

आमच्या धुणेवाल्या बाईंनी ती टाकी मोरीत ओतताना विचारले, "मायबाई, हे हवेतलं पानी होय काय वो? मंग आमच्या घरी लावा न बाई, आमच्या नळाले तं तीन-तीन दिवस पानी नाही!" यावर हसावे की गप्प बसावे, मला कळले नाही. ते पाणी कुंड्यांना चालते, फरशी पुसावयास चालते. पिण्यास मात्र चालत नाही; दिसते स्वच्छ, पण हवेतली धूळ, जंतू, नळ्यांवरचा मळ सारे त्यात उतरते. काही मंडळी ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात असे ऐकते. तेही करू नये, बॅटरीस शुद्ध डिस्टिल्ड पाणीच हवे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. हे यंत्र खोली उबदार करते. दुपट्यांतले पाणी उडताना जी उष्णता घेते तीच पाणी टाकीत जमताना परत देते. पण यंत्राने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणून बाळ-बाळंतीण निजतात त्या बंद खोलीत ते रात्रभर लावू नये. धुण्याला एक खोली द्यावी, माणसांना दुसरी. माणसांच्या खोलीत हवा खेळू द्यावी. आत्याबाईंचे म्हणणे तिथे सोळा आणे खरे.

आणि शंभर-दोनशे रुपयांचा फरक पडला तरी ओल मोजण्याचे छोटे यंत्र घरात असावे. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणारे असे यंत्र प्रसिद्ध केले. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, एवढ्यावर ते चाले. (पावसाळ्यात वेणी का नीट बसत नाही, याचे उत्तरही त्यातच आहे.) आजची आकडे दाखविणारी यंत्रे तळहाताएवढी असतात. काटा पन्नास ते साठ टक्क्यांत असावा. त्यापुढे फार दिवस राहिला की गाद्यांतले धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात, आणि भिंत ऐंशीच्या घरात गेली की बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशीविषयी स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली आहे. ओलसर घरांत दम्याचे व श्वासाचे विकार अधिक आढळतात, असे तिचे सांगणे. नुकत्या जन्मलेल्या जिवासाठी एवढे कारण मला पुरे होते. पन्नासाच्या खाली मात्र ओढत नेऊ नये. वीज वाया आणि लाकडी दारांना तडे.

कापसाच्या मुलखात राहून आपण कापसाची तहान विसरतो, याचेच मला नवल वाटते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी आधी ढिगात हात घालतो, तो ओल पाहण्यासाठी. भारतीय कपास निगम हमीभावाने कापूस घेते तेव्हा आठ टक्के ओलीपर्यंत पुरा भाव, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून ओला असेल तर खरेदीच नाही. कापूस हवेतून पाणी ओढतो म्हणूनच ना हा बंदोबस्त? मग त्याच कापसाचे दुपटे, चादर, सोवळे दमट हवेत टांगून ते वाळेल अशी आशा आपण कशी करतो? सुरती साडी वाळते आणि कापसाचे धोतर वाळत नाही, याचे कारण धोतराची जात, धोब्याची हयगय नव्हे. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला ओलेत्याने उभे राहणाऱ्या जुन्या बायकांनी हे दरवर्षी भोगले आहे.

आमच्या यंत्राची कीर्ती अकोल्यास थोरल्या जाऊबाईंकडे पोचली. त्यांचे घर जुने, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले, तळमजला विटांचा. त्या घराच्या मागल्या खोलीत ओल अशी की, भिंतीला टेकले तर पाठीला पांढरे पीठ लागावे. "तुमच्या लेकीचे काम झाले ना? मग आठ दिवस ते यंत्र माझ्याकडे पाठव," त्या म्हणाल्या. पाठविले. आठ दिवस रोज दोन वेळा टाकी भरली. जाऊबाई हरखून गेल्या. नवव्या दिवशी भिंतीच्या गिलाव्याचा पापुद्रा पोळीएवढा निघून खाली पडला, आणि दोन-चार दिवसांत भिंत कंबरेपर्यंत सोलून निघाली.

त्यांनी मला फोनवर जे ऐकविले ते छापण्यासारखे नाही. परंतु येथेही यंत्राचा अपराध नव्हता. त्या भिंतीला लोणा लागलेला होता. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोहों बाजूंस जो खारपाणपट्टा पसरला आहे त्यातले पाणी आणि माती दोन्ही खारट, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. आमची काळी कसदार माती पाणी धरून ठेवते; विटेच्या बारीक छिद्रांतून ते पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, भिंतीत वर चढते आणि बरोबर क्षार नेते. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जाते, क्षार मागे राहतो. त्याचे खडे बनताना ते फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. यंत्राने हवा कोरडी केली, त्याबरोबर भिंतीतले पाणी भराभर उडू लागले, आणि वर्षभरात व्हावयाचे काम पंधरवड्यात झाले. टाकीत भरत होते ते हवेतले पाणी नव्हते; परसातली जमीनच भिंतीवाटे टाकीत उतरत होती, आणि जमिनीला अंत कुठला?

अशा भिंतीला इलाज गवंड्याचा. जाऊबाईंच्या गवंड्याने आधी परसात जाऊन पाहिले. गच्चीचे पन्हाळ भिंतीच्या पायाशीच सुटत होते, आणि फुलझाडांच्या हौसेने जोत्याला लावून मातीचा ढीग केला होता. पन्हाळ लांब नेले, ढीग काढला, उतार बाहेरच्या बाजूस केला. मग जिथपर्यंत ओल चढली होती त्याच्यावर हातभर जाऊन सारा गिलावा खरवडला, विटांवरचा लोणा कोरड्या कुंचल्याने झाडला आणि भिंत उघडीच ठेवली. नवा गिलावा चुन्याचा, सिमेंटचा नव्हे. सिमेंटचा थर व त्यावर ऑइलपेंट दिला की भिंत तोंड बंद केल्यासारखी होते, आणि पाणी आणखी वर चढून छताखाली फुटते. जाऊबाईंनी पाच वर्षांपूर्वी तेच केले होते. हे काम फाल्गुनात, कोरड्या दिवसांत झाले. त्यानंतरचा पावसाळा भिंतीने बराच सोसला. ओल पुरती गेली असे त्या म्हणत नाहीत, पाठीला पीठ लागत नाही एवढे म्हणतात.

म्हणून यंत्र विकत घेण्याआधी आपल्या ओलीचे कुळ शोधावे. कपड्यांची, न्हाणीची, स्वयंपाकाच्या वाफेची ओल असेल तर पेटी उपयोगी. छताच्या गळतीची किंवा जमिनीची असेल तर पैसे गवंड्याला द्यावे. आणि खरे पाहता, वऱ्हाडात ही पेटी दोन महिन्यांची पाहुणी. उघाड पडली की धुणे बाहेरच घालावे. उन्हासारखे फुकट आणि निर्मळ दुसरे काही नाही. पावसाळ्यात कूलर पंखा म्हणून चालवावयाचा तर त्याचा पंप बंद करावा आणि टाकी रिकामी ठेवावी. आमच्याकडे कितीएक घरांत श्रावणातही पंप चालू असतो आणि वर ओलीची तक्रार असते! चिखलदऱ्यास ज्यांचे घर आहे त्यांची गोष्ट निराळी; तिथे पावसाळा खरोखरीचा. परंतु तिथल्या थंडीत कॉम्प्रेसरच्या नळ्यांवर बर्फ धरते आणि काम मंदावते, म्हणून तशा जागी पाणी शोषणाऱ्या रसायनाचे चाक असलेली जात अधिक बरी.

दसऱ्यानंतर मी यंत्र बंद केले. टाकी धुऊन उन्हात ठेवली, जाळीवरची धूळ काढली आणि आतल्या नळ्या वाळाव्यात म्हणून नुसता पंखा दोन तास चालविला. ओले ठेवले तर ओल काढणाऱ्या यंत्रालाच बुरशी धरते. मग उभेच्या उभे खोक्यात घातले. हे यंत्र आडवे करू नये; केलेच तर पुन्हा उभे करून काही तास थांबावे, मग वीज जोडावी.

बारसे थाटात झाले. विहीणबाईंनी बाळाचे दुपटे हातात घेऊन विचारले, "इतक्या पावसात कशी हो वाळविलीत?" मी उत्तर देणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "खिडकी लावून." शेगडी मात्र त्यांनी जिन्यातून परत माळ्यावर चढविली आहे, आणि यंत्राचे खोके तिच्या शेजारीच आहे.